मोजणीच्या दिवशी हिरवंगार

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूच्या एका गावात मी आमच्या संस्थेतर्फे जगलेल्या रोपांची मोजणी करायला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. का ते पुढं कळेलच. पावसाळ्यात तिथं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि एप्रिल उजाडला की त्याच गावातल्या बायका घागर घेऊन लांबच्या विहिरीवर जातात. जांभ्याची जमीन, पाणी धरतच नाही.

आदल्या जूनमध्ये तिथल्या महिला संघानं गायरानाच्या कडेनं ४०० रोपं लावली होती. फणस, जांभूळ, आवळा, काजू. रोपंही त्यांच्याच हातची. जांभळाचं आणि फणसाचं बी वाळवून ठेवायचं नाही, ताजं असतानाच पिशवीत घालायचं, हे मी प्रशिक्षणात सांगायला गेले आणि त्या हसल्या. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. मी शिकवलं ते एवढंच: पिशवी ब्लेडनं उभी कापायची, मुळांचा गड्डा फुटू द्यायचा नाही, माती पायानं दाबायची.

कर्नाटक सरकारची कृषी अरण्य प्रोत्साहन योजना आहे. रोप जगलं तर पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ४० आणि तिसऱ्या वर्षी ५० रुपये. पण हे पैसे पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, ज्याचं नाव त्याला. पहाणी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर आणि घागर सुनेच्या डोक्यावर. म्हणून आमच्या संस्थेनं तीच पद्धत उचलून पैसे थेट संघाच्या खात्यात द्यायचं ठरवलं. आमची हुशारी!

मोजणी छान चालली होती. तीनशेच्या पुढं आकडा गेला तसा मला आनंद व्हायच्या ऐवजी खटकायला लागलं. मे अखेरीस एवढी कोवळी, फिकी पालवी? उन्हाळा काढलेलं रोप असं दिसत नाही. त्याची पानं करपलेली, खोडाचा बुंधा राठ झालेला असतो. मी एक जांभूळ धरून हलकंच ओढलं. पिशवीच्या आकाराचा गड्डा अलगद वर आला. एक मूळही तुटलेलं नव्हतं. अगदी मी शिकवलं होतं तसं.

कुणी काही बोललं नाही. मग संघाच्या अध्यक्ष असलेल्या आज्जी म्हणाल्या, "बसा की मॅडम, उनात कशाला उभं ऱ्हाताय."

चहा होईपर्यंत सगळं बाहेर आलं. शिमग्याच्या सुमाराला शेरडं शिरली, कुंपण तुटलं, नव्वद-एक रोपं गेली. संघाच्या रोपवाटिकेत शिल्लक होती ती दोन रात्रीत बॅटरीच्या उजेडात लावली.

"मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगून काय करणार व्हता? तुमचा पैसा झाडाला हाय. राखणीला कुठं हाय? फेब्रुवारीपासनं रोज दोन-दोन घागरी घालतोय आम्ही, त्यो दिवस कोण मोजतंय?"

मला राग आला होता, पण उत्तर नव्हतं. मेलेल्या रोपाच्या जागी नवीन लावणं हा काही गुन्हा नाही. वनीकरणात ते रीतसर करतातच. चुकीचं होतं ते लपवणं. आणि लपवायला भाग पाडलं होतं आमच्या वर्षातनं एकदाच होणाऱ्या मोजणीनं.

नोंदवहीत मी दोन रकाने केले, जुनी आणि बदली. जुन्यांचे पैसे लगेच. बदलीचं वर्ष त्या दिवसापासून सुरू. कार्यालयात यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, ते जाऊ दे. तिथंच बसून हेही ठरवलं की पुढच्या वर्षी रकमेतला काही भाग फेब्रुवारी ते मे महिन्याच्या महिन्याला द्यायचा, पाणी घालण्याचा आणि राखणीचा म्हणून.

"लिहून द्या," आज्जी म्हणाल्या.

दिलं. सरकारी कागद कन्नडमध्ये येतात आणि त्या अंगठ्याआधी कुणाकुणाकडून वाचून घेतात, हे माहीत होतं. म्हणून मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यांनी नातीला हाक मारून ते दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. तिसऱ्यांदा फक्त रकमेची ओळ. मग कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "चला, ऱ्हायलेली मोजू."

उरलेली रोपं त्यांनी स्वतःच दाखवली. "हे जुनं. हे बदली. हे बी बदली, लिवा."