मारबतीची हायपरकथा: चौक जमला, आता परतीच्या वाटा

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीवर मी हायपरकथा लिहितेय, म्हणजे वाचणाऱ्याने लिंक निवडत आपली वाट ठरवायची अशी कथा. तिच्यातला नेहरू पुतळ्याचा चौक अखेर जमला. मागच्या नोंदीत ट्वाइनच्या (अशा कथा रचायच्या प्रोग्रॅमच्या) नकाशावर या चौकात सगळीकडून बाण येत होते आणि आत मजकूर जेमतेम दोन ओळींचा होता. आता काळीच्या मागून आलात तर चौक एक दिसतो, पिवळीच्या मागून आलात तर दुसरा.

नागपूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महाल भागात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुका निघतात. ‘ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत’ असा ओरडा, त्या वर्षीच्या लोकांच्या रागाचे बडगे (तेही पुतळेच), चौकात दोघींची भेट आणि शेवटी दहन. १८८०च्या दशकापासून हे चालत आलंय. दोन्ही मिरवणुका सुरुवातीपासून बघणं एका माणसाला शक्य नाही. एकीच्या मागे गेलं की दुसरी हुकते. या हुकण्यावरच माझी सगळी कथा उभी आहे, म्हणून ती सरळ कागदावर लिहायची नाही हे पहिल्यापासून पक्कं होतं.

आधी फाट्यांचा हिशेब. प्रत्येक पॅसेजला, म्हणजे कथेच्या एकेका तुकड्याला, दोन पर्याय ठेवले आणि वाटा कुठेच जुळू दिल्या नाहीत, तर दहाव्या पायरीला १,०२४ शेवट होतात. ते लिहून होत नाहीत आणि झाले तरी वाचणारा त्यातला एकच बघतो. त्यामुळे वाटा फुटतात आणि पुन्हा एका जागी मिळतात, हीच रचना धरली. मिरवणुकीचं तसंच असतं: गल्ल्या कितीही असोत, चौक टळत नाही.

पण नुसत्या मिळणाऱ्या वाटांनी माझं समाधान होत नव्हतं. मला वाटतं, पर्याय किती दिले यापेक्षा वाचलेल्या जागी परत आल्यावर काय बदललेलं असतं, यात हायपरटेक्स्टची, म्हणजे लिंकांनी जोडलेल्या मजकुराची, खरी ताकद आहे. टेड नेल्सनने हा शब्द १९६५ मध्ये मांडला तेव्हापासून लिंकबद्दल खूप बोललं गेलं, परतण्याबद्दल त्या मानाने कमी. मायकल जॉइसची ‘आफ्टरनून’ ही हायपरकथा (१९८७ची, ईस्टगेटने १९९० मध्ये प्रकाशित केलेली) मला त्यासाठीच मोठी वाटते. ती ज्यात लिहिली त्या स्टोरीस्पेस या प्रोग्रॅममध्ये गार्ड फील्ड नावाची सोय आहे: अमुक भाग वाचला असेल तरच तमुक लिंक उघडते. त्यामुळे तीच पानं पुन्हा समोर आली तरी पुढची वाट वेगळी निघू शकते.

ट्वाइनच्या हार्लो या प्रकारात मी लिहितेय, त्यात हेच काम हिस्टरी मॅक्रोने, म्हणजे कुठले पॅसेज वाचून झाले हे सांगणाऱ्या तयार आज्ञेने, होतं. माझ्या कथेतला नमुना देते. पिवळीच्या वाटेवर चौकात हे येतं:

‘पुढचे ढोलवाले थबकले. मागची गर्दी पुढे रेटली आणि तुझ्या लाकडी बैलाचं चाक कुणाच्या तरी चपलेखाली आलं.’

काळीच्या वाटेवर त्याच चौकात:

‘पायाशी कुणाचा तरी लाकडी बैल पडलाय.’

काळीची वाट आधी वाचली तर एवढंच. पिवळीची वाट वाचून आलेल्याला मात्र पुढे आणखी एक वाक्य दिसतं: ‘त्याला एक चाक नाही.’ आणि ‘चाक’ या शब्दावर लिंक असते. हे एक वाक्य कुठे ठेवायचं यावर मी बराच वेळ घालवला, आणि आत्तापर्यंतच्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं तेच आहे.

हे चालायला दोन गोष्टी कराव्या लागल्या. रीस्टार्ट केलं की हिस्टरी पुसली जाते, म्हणून दहनानंतरची लिंक वाचकाला पुन्हा सकाळच्या अंगणात नेते, कथा नव्याने सुरू होत नाही. दुसरं, हार्लोचे बाजूचे मागे-पुढे जायचे बाण काढून टाकले. मागचा बाण दाबला की तो पॅसेज वाचल्याची नोंदही जाते, मग चाकाचं वाक्य उगवतच नाही.

आजीला फोनवर वाचायला दिलं. दुसऱ्या फेरीला अंगण आल्यावर ती म्हणाली, ‘हे तर मघाशीच वाचलं ना बाप्पा, पुन्हा कायले आलं?’ तिचं बरोबर होतं. आता दुसऱ्या फेरीत अंगणातली रांगोळी अर्धी पुसलेली असते आणि आईचं बोलणं निम्म्यावरच तुटतं. परत आलोय हे पहिल्याच ओळीत कळलं पाहिजे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास एक गोष्ट. कथा ‘तू’ला उद्देशून आहे, आणि वाचणारा मुलगा की मुलगी हे मला ठरवायचं नाही. ‘तू पोचलास’ की ‘पोचलीस’? प्रत्येक क्रियापदाला इफ-एल्स (मुलगा असेल तर हे, नाहीतर ते) लावलं की मजकूर वाचवत नाही. ‘तुम्ही पोचलात’ दोघांनाही चालतं, पण हातात लाकडी बैलाची दोरी धरलेल्या पोराला कोण अहो-जाहो करतं? मग वाक्यंच फिरवली. ‘तू पोचलास’ऐवजी ‘तुला चौक दिसला’. ‘तू वळलीस’ऐवजी ‘तुझे पाय वळले’. ‘तू दोरी ओढलीस’ मात्र जसंच्या तसं राहिलं, कारण तिथे क्रियापद दोरीच्या मागे जातं. यात एक फायदाही झाला: गर्दीत पोराच्या हातात फारसं काही नसतं, त्याला दिसतं, ऐकू येतं, ढकललं जातं. वाक्यंही आता तशीच चालतात.

दिसण्याचं थोडंसं. लिंकखालची रेघ उकारांना चिकटत होती, ती जरा खाली सरकवली आणि ओळींतलं अंतर वाढवलं. फॉन्ट मुक्ता. तो फाइलमध्येच भरलाय, त्यामुळे नेट नसलं तरी अक्षरं नीट दिसतात.

राहिलंय ते बडग्यांचं काम. बडग्याच्या गळ्यातली पाटी दर वेळी बदलावी असं डोक्यात आहे. ईथर मॅक्रोने ती यादृच्छिक करणं सोपं आहे, पण ते मला नकोय. वाचणाऱ्याने सकाळी घरात कुणाची तक्रार ऐकून घेतली, वाढलेल्या सिलिंडरची, तुंबलेल्या नालीची की न आलेल्या पगाराची, त्यावरून दुपारची पाटी ठरावी. म्हणजे घरातले तीन पॅसेज नव्याने लिहायचे. काळीची वाट अजून पिवळीच्या मानाने पातळ आहे, तीही याच निमित्ताने भरेल. पहिला पॅसेज नालीचा घेतेय.