वेलिंग्टनमधला खंडाळा

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टन स्टेशनातून जॉन्सनव्हिलची लोकल सुटली की लगेच चढाला लागते. एकेरी रूळ, सात बोगदे, दोन्ही बाजूंना ओली गर्द झाडी. मग पाट्या येऊ लागतात: सिमला क्रेसेंट, बॉक्स हिल आणि चक्क खंडाळा! पुण्याहून इतक्या लांब ते नाव वाचलं की आजही छाती भरून येते.

मावशीला फोनवर सांगितलं, तर पहिला प्रश्न, "अगं, पण कुठला खंडाळा? घाटातला की साताऱ्याकडचा?" बरोबरच आहे. पुण्याहून मुंबईला निघालं की बोरघाटाच्या माथ्यावर एक खंडाळा, साताऱ्याला निघालं की खंबाटकीच्या अलीकडे दुसरा.

1884 साली, हिंदुस्थानातली नोकरी करून परतलेल्या कॅप्टन जेम्स अँड्र्यू यांनी इथे घर बांधलं. त्या घराचं नाव पुढे सगळ्या वस्तीला लागलं. हे नाव बोरघाटातूनच आलं असावं, असं मला वाटतं. 1858 मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, पण घाटातला मार्ग पुरा व्हायला 1863 उजाडलं. तोवर मुंबईहून येणारी माणसं खोपोलीला उतरत, पालखीतून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. पुण्याच्या छावणीत ये-जा करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडी हे नाव सहज रुळलं असणार.

खटकतो तो अर्थ. इथे 'देवाचं विश्रांतिस्थान' असं सांगतात. मराठीत खंडाळ्याचा असा अर्थ मी कधी ऐकलेला नाही. आपल्याकडे कुणी ते नाव खिंडीशी जोडतं. घाटाजवळच्या दोन्ही गावांना ते शोभतंही, पण वैजापूर तालुक्यातल्या सपाटीवरच्या खंडाळ्याचं काय? म्हणून कुणी विचारलं की मी अर्थाच्या फंदात न पडता घाटाची आणि पालख्यांची हकिगत सांगते. आणि हेही सांगते, की वस्तीमागच्या डोंगराला इथल्या मूळच्या माओरी लोकांचं 'तारिकाका' हे नाव आहे. तेही आवर्जून घ्यायला हवं.

इथे बॉम्बेसुद्धा आहे बरं का, ऑकलंडच्या दक्षिणेला! त्याचा आपल्या मुंबईशी थेट संबंध नाही. 1863 मध्ये वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या जहाजाचं नाव 'बॉम्बे' होतं, तेच गावाला मिळालं.