सातारा ते पुणे, रस्त्यापासून वीतभर वर

पहाटे साडेचारला साताऱ्यातून निघालो तेव्हा सीटवर चांगलंच दव साचलं होतं. माझ्या चिंकारा रोडस्टरवर छप्पर नाही. टॉवेलने सीटा कोरड्या केल्या, कानटोप्या ओढल्या, डोळ्यांवर गॉगल चढवले आणि मी नि माझा मावसभाऊ हायवेला लागलो. कोथरूडच्या एका मैदानात रविवारी सकाळी जुन्या आणि वेगळ्या गाड्या लावायच्या होत्या. निरोप होता, आठच्या आत या. अंतर जेमतेम ११० किलोमीटर, पण या गाडीला घाईचा हिशेब चालत नाही.

ज्यांनी ही जात पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली इंग्लंडात लोटस सेव्हन आणली. तयार गाडीवर तिकडे खरेदी कर होता, सुट्या भागांवर तो बसत नसे. म्हणून लोक खोकी घरी आणायचे आणि गाडी स्वतः जोडायचे. १९७३ मध्ये तिचे हक्क तिकडच्याच केटरहॅम कंपनीकडे गेले. त्याच वळणाची गाडी आपल्या अलिबागला चिंकारा मोटर्सने बांधली: खाली लोखंडी पाइपांची चासी म्हणजे सांगाडा, वर फायबरचं अंग, पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. हे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या जुन्या कॉन्टेसा गाडीच्या घरातलं. मी धाडस केलं ते त्याच्या भरवशावर, कारण कॉन्टेसा कोळून प्यायलेले मिस्त्री अजून आपल्या भागात आहेत.

पुण्याकडे जाताना खंबाटकीला बोगदा लागतो. आत डिझेलचा धूर थेट तोंडावर येतो, तेव्हा ओला रुमाल हाताशी ठेवा. बोगद्यानंतर उतार आणि एस वळण आहे. तिथे आपलं डोकं ट्रकच्या चाकाच्या उंचीला असतं आणि वरून ड्रायव्हरला आपण दिसत नाही. ट्रकच्या बाजूने रेंगाळू नका. एकतर मागे राहा, नाहीतर सरळ पुढे निघून जा. कात्रजचा नवा बोगदा सोडल्यावर नवले पुलाचा उतार तर याहून वाईट. अवजड गाड्या तिथे न्यूट्रलमध्ये सुटतात. मी तिसऱ्या गिअरमध्ये, डाव्या लेनने, एक डोळा आरशावर ठेवून उतरलो.

शिरवळजवळ डावा इंडिकेटर लावला की त्या बाजूचा दिवा मंद व्हायचा. चूक माझीच होती. जादा दिवे बसवताना अर्थिंगची वायर मी फायबरमधल्या एका बोल्टला बांधली होती. पत्र्याच्या गाडीत अंगच अर्थ देतं, फायबर देत नाही. प्रत्येक दिव्याची काळी वायर वेगळी काढून चासीला, शक्यतो खरवडून स्वच्छ केलेल्या जागी, आवळावी लागते. चहाच्या टपरीसमोर पाना आणि सँडपेपर काढला, अर्ध्या तासात काम झालं. तुम्ही निघाल तेव्हा दोन मीटर वायर, चार थिंबल्स (वायरच्या टोकाला लावायच्या धातूच्या टोप्या) आणि टेस्टर सोबत घ्या. इंडिकेटर दाबल्यावर दुसराच दिवा लुकलुकला तर आधी अर्थ तपासा, बल्ब नंतर.

येण्याआधी गाडीत तीन गोष्टी बदलल्या होत्या. भोसरीच्या एका वर्कशॉपमधून इंजिनखाली ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट करून घेतली. तिला ऑइल सोडायला भोक आणि हवा जायला फटी ठेवल्यात. रेडिएटरच्या पंख्याला डॅशवर हाताचं बटण दिलं. आणि सीटचा फोम बदलला, पण कंबरेजवळ कडक ठेवला. नऱ्ह्याच्या सर्व्हिस रोडला एका स्पीडब्रेकरवर ती प्लेट घासली तेव्हा तिचे पैसे वसूल झाले. ब्रेकर नेहमी तिरका घ्या, उंच असेल तर बाजूच्याला खाली उतरवा. फायबरवर चांदणीसारखी बारीक चीर दिसली तर नुसता रंग मारू नका. आतून फायबरची मॅट आणि रेझिन भरून घ्या, नाहीतर तीच चीर पुन्हा वर येते.

मैदानात आमच्या शेजारी चकाकत्या जुन्या गाड्या होत्या. लोक फोटो काढून पुढे जात होते. टेल्कोतून निवृत्त झालेले एक आजोबा मात्र रुमाल अंथरून गुडघ्यावर बसले आणि खाली वाकून बघू लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "बाळा, ही प्लेट कुठे वेल्ड केलीय?"

"वेल्ड नाही केली आजोबा, चासीला क्लॅम्प लावलेत. पाइपला भोक पाडलेलं नाही."

"मग ठीक. पाइपला भोक पाडशील तर तिथूनच तुटेल."

ते उठले, हात पुसले आणि मला पंख्याचं बटण लावून दाखवायला सांगितलं. त्या दिवसातली सगळ्यात मोलाची दाद मला हीच वाटली. गाडीत लहान मुलांना बसवताना सांभाळा. माझा तापलेला सायलेन्सर डाव्या बाजूने बाहेर येतो, म्हणून मी सगळ्यांना उजवीकडून चढवलं आणि डावीकडे दोरी बांधली.

दोन कॉलेजची मुलं मोठं इंजिन टाकण्याबद्दल विचारत होती. त्यांना मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगितलं. आरसी बुकातल्या नोंदी कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. इंजिन किंवा रंग बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत जा, मग वर्कशॉपला. माझे बदल मी मुद्दाम असे केलेत की एका दुपारी सगळे काढून ठेवता येतील. प्रत्येकाचे फोटो आणि बिलं एका फाइलीत आहेत.

परतताना खंबाटकीला बोगदा नव्हता, घाट चढावा लागला, आणि आम्ही भर दुपारी पोचलो. ट्रकांची रांग, पहिला गिअर, तापमानाचा काटा वर वर. पंख्याचं बटण दाबूनही तो उतरेना, तेव्हा रुंद वळणावर गाडी बाजूला घेऊन बॉनेट काढून ठेवलं. एका ट्रकवाल्या दादांनी न मागता पाण्याचा कॅन आणून दिला. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नसतं, म्हणून वीस-पंचवीस मिनिटं आम्ही तिघं कठड्यावर बसून राहिलो. ते दादा मधूनमधून उठून चासीचे पाइप न्याहाळत होते.