चव्वेचाळिसांतला हेर

अंदमानातील जपानी अंमलावर मी लिहिलेल्या पटकथेचे पहिले संपूर्ण वाचन गेल्या पावसाळ्यात निर्मात्यांच्या दादरच्या कार्यालयात झाले. सकाळी सुरू झालेले हे वाचन दिवे लागेपर्यंत चालले आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ एकाच मागणीने खाल्ला. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंज येथे जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपावरून ज्या ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या, त्यांच्यापैकी एक जण खरोखरच ब्रिटिशांचा हेर होता असे दाखवावे, ही ती मागणी.

सेल्युलर जेल म्हटले की आपल्याला सावरकर आणि कोलू आठवतो, म्हणजे ब्रिटिशांचा काळ आठवतो. राजबंद्यांना परत मायदेशी नेल्यानंतर काही वर्षांतच तेथील कोठड्या दुसऱ्या एका सत्तेने भरल्या, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. २३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरला उतरले. थोड्याच दिवसांत, कोंबड्या आणि अंडी शोधत घरात शिरलेल्या सैनिकांना हुसकावण्यासाठी झुल्फिकार अली नावाच्या तरुणाने छऱ्याची बंदूक उडवली. कोणालाही इजा झाली नव्हती. तरीही त्याला सर्वांदेखत हात मोडेपर्यंत पिरगाळून ठार मारण्यात आले. माझी पटकथा तेथे सुरू होते आणि हम्फ्रीगंजला संपते.

या दोन टोकांच्या मध्ये जे घडले त्यात हेर आहेत, आणि ते काल्पनिक नाहीत. पोर्ट ब्लेअरला पूर्वी पोलीस अधिकारी असलेले डेनिस मॅकार्थी जानेवारी १९४३ मध्ये एका डच पाणबुडीतून मोजकी माणसे घेऊन अंदमानच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरले आणि माहिती गोळा करून परत गेले. जपानी जहाजे बुडत होती, रसद तुटत होती, आणि आपली खबर कोणीतरी बाहेर पोचवत आहे या संशयाने तेथले अधिकारी पछाडले होते. मात्र हाताशी सापडले ते पोर्ट ब्लेअरचे रहिवासी. त्यांतले बहुतेक इंडियन इंडिपेंडन्स लीगचे सदस्य होते, म्हणजे जपानच्या मदतीने भारत स्वतंत्र होईल या आशेने उभ्या राहिलेल्या संघटनेचे लोक. लीगच्या तेथील शाखेचे प्रमुख डॉ. दिवाण सिंग हे डॉक्टर आणि पंजाबी कवी होते. त्यांचा सेल्युलर जेलमध्ये कित्येक आठवडे छळ झाला आणि १४ जानेवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. हम्फ्रीगंजची घटना त्यानंतर सोळा दिवसांनी घडली.

निर्माते वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम नोंदवते. विषय त्यांना मनापासून पटला होता. इंटरव्हलपर्यंतचे वाचन ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "ताई, एक तरी खरा असू द्या. मॅकार्थी बेटावर येऊन गेला हे तुम्हीच लिहिले आहे. त्याला आतून मदत करणारा एखादा कारकून दाखवा. नाहीतर लोक विचारतील की एवढी माणसे मारली तरी कशासाठी?"

चित्रपटाच्या व्यवहारात ही मागणी अगदी रास्त वाटते, कारण गुपित असलेले पात्र कथेला पुढे ढकलते. पण येथे त्या एका पात्राचा भार उरलेल्या त्रेचाळीस जणांवर पडला असता. चव्वेचाळिसांत एक जरी हेर निघाला, तरी चौकशी करणाऱ्यांचा संशय खरा ठरतो. मग प्रेक्षकांच्या मनात हत्याकांड उरत नाही, उरते ती एका कठोर सैन्याची अतिरेकी शिक्षा. ज्या आरोपाचा पुरावा छळ करून घेतलेल्या जबान्यांपलीकडे नव्हता, तो आरोप ऐंशी वर्षांनी मी माझ्या हाताने सिद्ध करून दिला असता, आणि तोही त्यांच्या नातवंडांना तिकीट काढून पाहावा लागला असता.

नातवंडे म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पोर्ट ब्लेअरमधले एक घर असते. तेथे ज्यांना लोकल-बॉर्न म्हणतात, म्हणजे जुन्या कैद्यांचे वंशज, त्यांच्यापैकी ते कुटुंब आहे. घरातल्या वृद्ध बाईंनी जपानी काळातल्या उपासमारीबद्दल पुष्कळ सांगितले, पण अटकांचा विषय निघताच त्यांनी सुनेला चहा ठेवायला आत पाठवले आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बेटा, किसने किसका नाम लिया, ये मत लिखना." मार सहन होईना तेव्हा माणसे कोणाचेही नाव घेत, बहुधा शेजाऱ्याचे, कारण तेच ओठांवर असे. त्या नावाचा माणूस पकडला जाई आणि त्याच्याकडून पुढचे नाव निघे. मॅकार्थीच्या मोहिमेपेक्षा नावांची ही साखळी मला अधिक भीषण वाटते. पटकथेत मी तीच घेतली. मात्र बाईंना दिलेल्या शब्दाप्रमाणे कोणाही खऱ्या व्यक्तीच्या तोंडी दुसऱ्या खऱ्या व्यक्तीचे नाव घातलेले नाही.

म्हणून वाद घालण्याऐवजी मी निर्मात्यांना चौकशीचा प्रसंग पुन्हा, सावकाश वाचून दाखवला. त्यातला कैदी काल्पनिक आहे, सरकारी कचेरीतला एक कारकून. अधिकारी दुभाष्यामार्फत विचारतो की पाणबुडीला दिव्याने इशारा कोणी दिला. कारकून तीनदा नाही म्हणतो. पाण्याची बादली पुन्हा भरून आणली जाते तेव्हा तो दुभाष्याला विनवतो, "साहेब, इशारा कसा देतात तेवढे सांगा, म्हणजे मी दिला असे म्हणतो." दुभाषा क्षणभर थांबतो आणि या वाक्याचे भाषांतर करतो, "गुन्हा कबूल आहे."

मॅकार्थी पाणबुडीतून उतरताना प्रेक्षकांनी आधीच पाहिलेला असतो. खोलीतल्या कैद्याला ते ठाऊक नाही. प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि सांगता येत नाही. कथेला जे गुपित हवे होते ते मी प्रेक्षकाच्या हाती दिले आहे, हे मी निर्मात्यांना समजावून सांगितले. त्यांनी पाने स्वतःकडे ओढून घेतली आणि दुभाष्याच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली.

दुसरा अवघड भाग नेताजींचा. २९ डिसेंबर १९४३ रोजी ते पोर्ट ब्लेअरला आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जिमखाना मैदानावर तिरंगा फडकवला. त्याच वेळी दिवाण सिंग सेल्युलर जेलमध्ये मरणयातना भोगत होते. नेताजींना यातले किती कळू दिले गेले याविषयी मतभेद आहेत. म्हणून त्यांच्या मनात काय होते हे सांगणारा एकही संवाद मी लिहिलेला नाही. मैदान आणि तुरुंग एकापाठोपाठ एक येतात, इतकेच. दिग्दर्शकांना तेथे एक भाषण हवे होते. मी नकार दिला आणि त्यांनी तो लगेच मान्य केला.

ऑगस्ट १९४५ मध्ये शेकडो लोकांना शेतीच्या वसाहतीसाठी नेतो असे सांगून जहाजांवर चढवले गेले आणि हॅवलॉक बेटाजवळ समुद्रात उतरण्यास भाग पाडले गेले. वाचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा प्रसंग या चित्रपटात नाही. त्याला स्वतंत्र पटकथा हवी, आणि ती मी लिहिणार आहे.

निघताना निर्मात्यांनी अंतिम शब्द दिला नाही. पैसे गुंतवणाऱ्या दुसऱ्या संस्थेलाही विचारावे लागेल, असे ते म्हणाले. त्याच रात्री मी त्यांना लेखी कळवले की हेराचे पात्र घालायचे झाल्यास बेटाचे, वर्षाचे आणि माणसांचे नाव बदलून ती संपूर्ण काल्पनिक कथा करावी आणि श्रेयनामावलीतून माझे नाव काढावे. नावे तीच ठेवायची असतील, तर चव्वेचाळीसही जण निर्दोषच राहतील. त्यांचे उत्तर आठवड्याने आले: कारकुनाचा प्रसंग आहे तसा ठेवावा, आणि पुढच्या खर्ड्यात दुभाष्याचे पात्र वाढवावे. सध्या मी त्या दुभाष्यावर काम करते आहे.