पाच गुंठ्यांच्या जाळीच्या कुंपणाला सामान किती लागतं?

‘पाच गुंठ्यांना कुंपण करायचंय, जाळी किती लागेल?’ या प्रश्नाला कुठलाही दुकानदार बरोबर उत्तर देऊ शकत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे ५४४५. प्लॉट ५५ बाय ९९ असेल तर घेर ३०८ फूट भरतो. तेच पाच गुंठे ३३ बाय १६५ च्या पट्टीत असतील तर घेर ३९६ फूट. क्षेत्र तेवढंच, पण कुंपण ८८ फुटांनी वाढलं. कुंपणाच्या हिशेबात गुंठे विसरायचे आणि बाजू धरायच्या.

खालचा सगळा हिशेब ५५ बाय ९९ च्या प्लॉटचा आहे. पाच फुटी चेनलिंक जाळी, वर काटेरी तारेच्या दोन ओळी, सिमेंटचे पोल आणि पुढच्या ५५ फुटांच्या बाजूला १२ फुटांचं गेट. तुमची मापं वेगळी असली तरी रीत हीच.

आधी हद्द. भूमी अभिलेखची मोजणी झालेली असेल तर खुणांचे दगड शोधा, ‘क’ प्रतीवरची (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरची) मापं जमिनीवर टेपने ताडून बघा आणि दोरी लावताना शेजाऱ्याला उभं करा. कोपऱ्याचा खड्डा एक फुटाचा असतो, म्हणून दोरी हद्दीवर न लावता सहा-आठ इंच आत घ्या. काँक्रीटसुद्धा आपल्याच जमिनीत राहिलं पाहिजे. कोपरे काटकोनात आहेत का हे कर्णावरून कळतं: ५५ बाय ९९ चे दोन्ही कर्ण ११३ फूट ३ इंच आले पाहिजेत. आले नाहीत तर प्लॉट तिरका आहे आणि चारही बाजू वेगवेगळ्या मोजाव्या लागतील. बहुतेक प्लॉट थोडे तिरके असतातच.

आता पोल. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे घेराला दहाने भागणं. ३०८ भागिले १०, म्हणजे ३१ पोल, असं म्हणून ऑर्डर जाते. मग शेवटी एका बाजूला चार फुटांचा तुकडा उरतो, गेटचे खांब मोजलेलेच नसतात आणि तिरपे टेके तर कुणाच्या लक्षातही नसतात. प्रत्येक बाजू वेगळी घ्या आणि सारखे गाळे, म्हणजे दोन खांबांमधली अंतरं, पाडा. ९९ फुटांच्या बाजूला ९ फुटांचे ११ गाळे. मागच्या ५५ ला ९ फूट २ इंचांचे सहा. पुढे गेट डाव्या कोपऱ्यापासून ९ फुटांवर ठेवलं तर एक गाळा ९ चा, मग १२ फूट गेट, मग उरलेल्या ३४ फुटांत साडेआठाचे चार. बंद चौकटीत जितके गाळे तितकेच उभे खांब, अर्थात गेटही एक गाळा धरून. ११ अधिक ११ अधिक ६ अधिक ६, म्हणजे ३४. त्यातले दोन गेटचे लोखंडी. सिमेंटचे उभे पोल ३२.

टेके वेगळे, तेही पोलच, पण तिरपे लावलेले. जाळी ताणली की कोपऱ्याचा पोल दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन टेके, एकेका बाजूच्या रेषेत. चार कोपऱ्यांचे आठ. गेटच्या दोन्ही खांबांना जाळीच्या बाजूने एकेक, म्हणजे दोन. शिवाय ९९ फूट एका दमात ताणू नये. मधल्या एका पोलाला दोन्हीकडून टेके द्यावेत, दोन बाजूंचे मिळून चार. एकूण १४. ३२ आणि १४ मिळून ४६, त्यावर उतरवताना फुटणारे तीन-चार. ५० पोल मागवा.

पोलाची उंची जाळीच्या उंचीवरून ठरत नाही, वरच्या तारेवरून ठरते. जाळी जमिनीपासून दोन इंच वर, म्हणजे तिचा माथा ५ फूट २ इंचांवर. काटेरी तारेची पहिली ओळ साडेपाच फुटांवर, दुसरी सहाला जरा कमी. जमिनीत दोन फूट. पोल आठ फुटी. सात फुटी पोल स्वस्त पडतो खरा, पण मग एकतर काटेरी तार सोडावी लागते किंवा जमिनीतला एक फूट. लोक जमिनीतला फूट सोडतात, आणि दोन पावसाळ्यांनी कुंपण रस्त्याकडे झुकायला लागतं.

हे दोन फूट मुरमाड जमिनीचे आहेत. काळ्या मातीत तीन फूट जा आणि पोल नऊ फुटी घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दर वर्षी पोलाला थोडं हलवते. खड्ड्याच्या तळाशी मुरूम कुटून घ्या. कोकणात जांभा लागला तर खड्डा पहारीनेच होतो आणि मजुरी दिवसावर ठरवावी लागते, खड्ड्यावर नाही.

पोल घेताना चार बाय चार इंचांचा घ्या, टोकाला आतल्या सळ्या किंवा तारा मोजून बघा आणि हातोडीने ठोकून पहा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजला तर आत पोकळी आहे किंवा पोल पुरता पिकलेला नाही. तार बांधायची भोकं कोणत्या उंचीवर आहेत ते ऑर्डर देण्याआधीच बघून घ्या. भोकं वरच्या टोकापासून मोजलेली असतात; पोल उलटा रोवला की एकही तार जागेवर येत नाही, आणि हे काँक्रीट बसल्यावर लक्षात येतं.

एका पोलाचं वजन साठ किलोच्या आसपास भरतं. पन्नास पोल म्हणजे तीन टन. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टनाचा, त्याला चार खेपा पडतील. म्हणून भाव विचारताना ‘पोल केवढ्याला?’ एवढंच विचारू नका, ‘जागेवर उतरवून केवढ्याला?’ असं विचारा. हमाली कुणाची तेही तेव्हाच ठरवा.

जाळीचं गणित त्यामानाने सोपं. ३०८ वजा १२, म्हणजे २९६ फूट. पन्नास फुटी सहा बंडल, ३०० फूट. बंडल एकमेकांना जोडताना काहीच वाया जात नाही, त्यामुळे सातवं घ्यायची गरज नाही. जमीन उताराची असेल म्हणून जास्त जाळी घ्या असं कुणी म्हटलं तर ऐकू नका: ९९ फुटांत दहा फूट उतार असला तरी लांबी अर्ध्या फुटानेच वाढते. उताराची खरी अडचण वेगळी आहे. जाळीखाली त्रिकोणी फटी राहतात, त्या दगडांनी किंवा मातीने बुजवाव्या लागतात.

जाळीचं घर, म्हणजे भोक, तीन इंची आणि तारेची जाडी १० गेज, म्हणजे ३.२५ मिमी. १२ गेज म्हणजे २.६४ मिमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, वजनाला लगेच कळतो. पाच फुटी, पन्नास फूट लांबीचं १० गेजचं बंडल चाळीस किलोच्या आसपास भरतं, १२ गेजचं सत्तावीस-अठ्ठावीस. चौरस फुटावर विकणाऱ्याला पातळ तार परवडते, किलोवर विकणाऱ्याला जाड. म्हणून भाव कसाही असो, बिलावर गेज, घराचं माप आणि वजन तिन्ही लिहून घ्या, आणि एक बंडल काट्यावर टाका. तारेची जाडी मोजायला व्हर्नियर असेल तर उत्तमच. जस्ताचा थर किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम) ते विचारा. चेनलिंक जाळीसाठी आयएस २७२१ हे भारतीय मानक आहे, त्याचं नाव काढलं की बोलणं जरा नीट होतं. समुद्रापासून जवळ असाल तर पीव्हीसी लेपाची जाळी घ्या. खाऱ्या हवेत पातळ जस्त फार टिकत नाही.

जाळी पोलांवर लोंबकळत नाही, ती आडव्या तारांवर उभी राहते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ओळी, ८ गेज जीआय (जस्त चढवलेल्या) तारेच्या. २९६ गुणिले ३ म्हणजे ८८८ फूट, २७१ मीटर. ही तार मीटरला सुमारे १०० ग्रॅम भरते, म्हणजे २७ किलो. गाठी आणि वळसे धरून ३० किलो घ्या. बांधायला १६ गेजची जीआय तार चार किलो. सळ्या बांधायची काळी बाइंडिंग वायर वापरायची नाही. ती स्वस्त असते, घरात उरलेलीही असते, आणि एका पावसाळ्यात गंजून तुटते. काटेरी तार किलोवर मिळते आणि किलोला किती मीटर भरेल हे काट्यांच्या अंतरावर अवलंबून असतं. दुकानात एक मीटर तुकडा तोडून वजन करून घ्या आणि १८० मीटरनी गुणा. दोन ओळींना तेवढी लागते. वर दहा टक्के धरा.

काँक्रीट. पोलाचा खड्डा १ बाय १ बाय २ फूट, त्यातून पोलाची जागा वजा जाता पावणेदोन घनफूट. ३२ पोलांचे ५७. टेक्यांना एक फूट खोली पुरते, १४ चे मिळून १३. गेटच्या खांबांना दीड बाय दीड बाय तीन, दोघांचे साडेतेरा. बेरीज ८३-८४ घनफूट. १:३:६ (सिमेंट, वाळू, खडी) च्या मिश्रणाला १० ते ११ गोणी सिमेंट लागतं. खड्ड्याच्या कडा ढासळून तो मोठाच होतो, म्हणून १२ गोणी धरा. वाळू किंवा क्रश सँड अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट), २० मिमी खडी एक ब्रास. १५ गोणी घेऊन ठेवू नका. उरलेलं सिमेंट दमट हवेत गोळे धरतं.

सामान कधी मागवायचं हेही ठरवा. दिवाळीनंतर जमीन ओलसर असते, खड्डे भराभर होतात. एप्रिलमध्ये तीच जमीन पहारीला दाद देत नाही. आधी पोल, खडी, सिमेंट. जाळी आठवड्याने. बंडलं उघड्यावर ओली राहिली तर जस्तावर पांढरा गंज चढतो, म्हणून ती फळ्यांवर आणि छपराखाली ठेवा.

कोपऱ्याचे चार पोल आधी रोवा. त्यांच्या पायथ्याशी एक आणि माथ्याशी एक अशा दोन लाइनदोऱ्या बांधा, मग मधले पोल ओळंब्यात घ्या. काँक्रीटचा माथा जमिनीच्या दोन इंच वर आणि बाहेर उतरता करा, म्हणजे पाणी पोलाशी साचणार नाही. टेक्याचं डोकं पोलाच्या दोन तृतीयांश उंचीवर, पाय जाळीच्या रेषेत. सात दिवस पाणी मारा आणि तोवर जाळीला हात लावू नका. सगळ्यात जास्त कोपरे या सात दिवसांच्या घाईत हलतात.

जाळी ताणताना शेवटच्या घरांतून १० मिमीची सळई उभी ओवा आणि चेनपुली सळईच्या मध्यावर लावा. वरून ओढलं तर घरं वाकडी होतात. ताण पुरेसा झाला हे हाताने कळतं: गाळ्याच्या मध्यभागी तळव्याने दाबलं की जाळी इंच-दोन इंच आत जावी आणि सोडताच परत यावी. घरं उभट, लांबुडकी दिसायला लागली तर ताण कमी आहे. आडवी पसरट झाली तर जास्त. बंडल जोडायचं किंवा कापायचं असेल तर कटर चालवायचा नाही. जाळी म्हणजे एकमेकांत फिरवलेल्या नागमोडी तारा. हव्या त्या तारेचं वरचं आणि खालचं टोक पक्कडीने मोकळं करा आणि तार स्क्रूसारखी फिरवत वर काढा. जाळी तिथे सुटते. तीच तार दोन बंडलांच्या कडांमधून परत फिरवत खाली नेली की जोड कुठे आहे ते सापडत नाही.

गेटचं माप सगळ्यात शेवटी घ्या, खांब काँक्रीटमध्ये बसल्यावर, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी. तिन्हींत सर्वांत कमी येईल ते माप फॅब्रिकेटरला द्या. बिजागरी आणि कडीसाठी किती जागा सोडायची ते त्यालाच ठरवू द्या. खाली मात्र तीन इंच मोकळे ठेवायला सांगा, कारण पहिल्याच पावसात गेटखाली गाळ साचतो आणि त्याच्या सहा-सहा फुटी दोन झडपा त्यात रुततात.