दाढ बरी झाली, पोट बिघडलं

दाढेच्या मुळाशी पू झाला म्हणून क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स घेतला. दाढ आठवड्यात शांत झाली. पाचव्या दिवशी मात्र पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, दिवसाला दहा-बारा खेपा आणि अंगात कणकण. घरात जुलाब थांबवायची गोळी होती, ती गिळून टाकली. डॉक्टरांनी ऐकताच कपाळाला हात लावला. "आत विष तयार होत असेल तर ते बाहेर पडू द्यायचं, तुम्ही दार लावून बसलात!"

मग शौचाचा नमुना. डबी रुमालात गुंडाळून लॅबच्या काउंटरवर उभं राहताना काय वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. या तपासणीला नमुना पातळच लागतो म्हणे. तेवढी अट मी आरामात पूर्ण केली. रिपोर्ट आला: सी. डिफिसिल या जंतूचं टॉक्सिन, म्हणजे विष, पॉझिटिव्ह.

हा जंतू काहींच्या आतड्यात एरवीही गुपचूप पडून असतो. बाकीच्या जिवाणूंच्या गर्दीत त्याला ना जागा मिळते ना खायला. शिवाय त्यातले काही जिवाणू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात आणि ही बदललेली आम्लं त्याला वाढू देत नाहीत. माझ्या औषधाने ती गर्दीच उठवली होती. वर मोठ्या आतड्याच्या अस्तराचं जेवणही बंद पडलं, कारण त्या पेशी बरीचशी ऊर्जा ब्युटिरेट नावाच्या मेदाम्लातून घेतात आणि हे ब्युटिरेट आतड्यातले जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून बनवतात. मी आजवर त्यांना फुकटे भाडेकरू समजत होतो, निघाले स्वयंपाकी.

उपाय पुन्हा अँटिबायोटिकच! व्हॅन्कोमायसिन, 125 मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, 10 दिवस. तोंडाने घेतलं की ते रक्तात फारसं जात नाही, आतड्यातच काम करतं. हात साबणानेच धुवायचे, कारण सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने याचे बीजाणू (जाड कवचातली सुप्त रूपं) मरत नाहीत. चौथ्या दिवशी मी सलग पाच तास झोपलो.

कोर्स संपल्यावर प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूलचा विषय मीच काढला. डॉक्टरांना उत्साह नव्हता. 2018 साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशिरा परतले होते. म्हणून बाहेरून भरती न करता उरलेल्यांना खाऊ घालायचं ठरलं. पण मी कडधान्यं आणि सालासकट फळं एकदम वाढवली आणि तीन दिवस पोटाचा नगारा झाला. मग चमच्याचमच्याने.

साधारण पाचातल्या एकाला हे पुन्हा होतं, असं कळल्यामुळे पुढचे दोन महिने पोटात जरा गुडगुडलं की मी दचकायचो. परवा दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. खुर्चीत बसायच्या आधी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने 'क्लिंडामायसिन नको' असं लिहिलं.