चाळीसाला एक उणा

डिसेंबरातला शेवटचा वर्ग जवळ आला की मंडळाच्या मराठी शाळेतली मुलं वह्या-पुस्तकांचं नावही काढत नाहीत. "मावशी, या वर्षी झाडं करायची की चांदण्या?" एवढाच प्रश्न. नाताळच्या सुट्टीआधीचा तो वर्ग म्हणजे आमचा वर्षअखेरचा मेळावा. टेबलं एकमेकांना भिडवायची, त्यांवर मेणकागद पसरून कडांना चिकटपट्टी लावायची आणि सगळ्यांनी मिळून न्याहारीला दुधात घालून खातात त्या सीरियलच्या वड्या थापायच्या. इथं अमेरिकेत आमचा हा बेत बारा वर्षं चालू आहे. मंडळाचे स्टेजवरचे कार्यक्रम मोठे असतात, त्यांना पाहुणे येतात, फोटो निघतात. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हा तीन तासांचा मेळावा. तो कसा घडत गेला ते एकदा लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

या वड्या निवडल्या गेल्या त्या जागेमुळे. आमचा हॉल भाड्याचा. तिथं ओव्हन लावायची परवानगी नाही, गॅस नाही. एक मायक्रोवेव्ह, एक फ्रीज आणि एक नळ, एवढंच. चाळीसेक मुलं, त्यांतली निम्मी सात वर्षांच्या आतली. अशा वेळी भाजायचं काही नाही, तळायचं काही नाही, विस्तवाजवळ कुणाला जावं लागत नाही आणि तरी सगळं मुलांच्या हातून होतं असा पदार्थ हवा होता. तीन मोठे चमचे लोणी, दहा औंसांचं म्हणजे २८३ ग्रॅमचं मार्शमेलो या मऊ, फुगीर मिठाईचं एक पाकीट आणि सहा कप तांदळाचं कुरकुरीत सीरियल. लोणी आणि मार्शमेलो वितळवायचे, त्यात सीरियल घालून हलक्या हातानं कालवायचं, लोणी लावलेल्या ट्रेमध्ये थापायचं. अर्ध्या-पाऊण तासानं वड्या पडतात.

त्या पाकिटात मोठे मार्शमेलो साधारण चाळीस असतात. पहिल्या वर्षी मी सहज म्हटलं, "पातेल्यात टाकताना मराठीत मोजा बरं." अठ्ठावीसपर्यंत सगळे एका सुरात आले आणि पुढे शांतता. मग एक जण म्हणाला, "नऊवीस." दुसरी म्हणाली, "नवतीस." इथं वाढणाऱ्या मुलांना मराठी आकड्यांत सगळ्यांत जास्त अडतं ते इथंच. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. इंग्रजीत नऊ हा आधीच्या दशकात राहतो, आपल्याकडे तो पुढच्या दशकाकडे बोट दाखवतो. हे फळ्यावर मी कितीदा तरी सांगितलं होतं. त्या दिवशी मी मार्शमेलोच्या दहा-दहाच्या तीन रांगा लावल्या, शेवटच्या रांगेतला एक उचलून हातात धरला आणि म्हटलं, "तीस होते. एक उणा झाला. एक उणे तीस, एकोणतीस." सहा वर्षांचा एक मुलगा माझ्या हातातल्या मार्शमेलोकडे बघत होता, मग रांगेतल्या रिकाम्या जागेकडे. दोन-तीनदा त्यानं असं पाहिलं. मग स्वतः चाळीसातला एक उचलला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "एकोणचाळीस?" मी मान हलवली. त्यानं तो मार्शमेलो जपून जागेवर ठेवला. तेव्हापासून मोजल्याशिवाय आमच्याकडे एकही पातेलं भरलं जात नाही.

मायक्रोवेव्हसमोर मात्र कुणालाही जागेवर बसवता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. हात लावायचा नाही, एक पाऊल मागे उभं राहून बघायचं, एवढा एकच नियम. काचेआड मार्शमेलो पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीच करत नाहीत. मग त्यांच्या कडा गोलावतात, अंगावर चकाकी येते आणि बघता बघता ते फुगायला लागतात. मार्शमेलो म्हणजे साखरेच्या पाकाचा फेसच. जिलेटिननं हवेचे बारीक बुडबुडे धरून ठेवलेले असतात. गरम झालं की ती हवा पसरते, पाकातल्या पाण्याची वाफ होते आणि अख्खा ढीग पातेल्याच्या काठापर्यंत चढतो. मुलं ओरडतात, "येतंय, येतंय, बाहेर येतंय!" दार उघडलं की तोच ढीग सुस्कारा सोडल्यासारखा खाली बसतो. दोन मिनिटं, मग ढवळायचं, मग लागलं तर अजून एक मिनिट. यापेक्षा जास्त नाही. पाकातलं पाणी जितकं उडेल तितकी वडी गार झाल्यावर कडक होते. मऊ वडी हवी तर उष्णता कमी ठेवायची आणि थापताना दाबायचं नाही. मोठी माणसं हमखास दाबतात. मुलांचे हात हलके असतात, म्हणून त्यांच्या वड्या आमच्यापेक्षा चांगल्या होतात हे मी अगदी मनापासून सांगते.

कालवल्यानंतरची पाच मिनिटं हा या मेळाव्याचा खरा जीव. मिश्रण हाताला सोसेल इतकं कोमट असतं, पण अजून आवळलेलं नसतं. तेवढ्या वेळातच जे काय करायचं ते करून घ्यावं लागतं. चार वर्षांची मुलं गोळे करतात, दोन गोळे एकावर एक ठेवले की हिममानव. थोडी मोठी मुलं साच्यानं चांदण्या कापतात. कॉर्नफ्लेक्स हिरव्या रंगात कालवून दारावर लावतात तशी रीथं करायची जबाबदारी सातवी-आठवीतल्या मुलींची. गोल वळायचं, मध्ये बोटानं भोक मोकळं करायचं आणि वर लाल गोळ्या बसवायच्या. (अगदी लहानग्यांच्या टेबलावर त्या कडक गोळ्या आम्ही ठेवत नाही. घशात अडकण्याची भीती असते.) लोणी लावायला आजी-आजोबा. ओळीनं पसरलेले छोटे तळहात त्यांच्यासमोर येत राहतात, आणि ते प्रत्येक तळहातावर बोटभर लोणी चोळून देतात. एका आजींना गुडघ्यांमुळे उभं राहवत नसे. त्या खुर्चीत बसून हे काम करायच्या आणि प्रत्येक मुलाला विचारायच्या, "कुणाचा रे तू?" त्या वर्षी मंडळातल्या सगळ्या मुलांची नावं त्यांना तोंडपाठ झाली होती.

हा पदार्थ जन्मालाच आला एका मंडळासाठी, हे मला पुढे कळलं आणि फार आवडलं. १९३९ साली केलॉग कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संस्थेला निधी गोळा करायला मदत म्हणून तो बसवला. ज्या सीरियलवर तो बेतला, ते राइस क्रिस्पीज १९२८ पासून बाजारात होतं. पुढे कृती खोक्यावरच छापली जाऊ लागली आणि घरोघर पोचली. मी ही गोष्ट दर वर्षी वड्या गार होईपर्यंत सांगते. "म्हणजे त्या मुलींनी पण आपल्यासारखंच केलं होतं?" असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

आता जी गोष्ट सांगायची ती मला सोपी नाही. दुसऱ्या वर्षी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी दिवसभर माझ्या टेबलावर होती. मोजायला पुढे, लोणी लावायला पुढे, तिच्या चांदण्यांचे कोपरे सगळ्यांत रेखीव. खायची वेळ झाली तेव्हा तिनं आपल्या चारही चांदण्या कागदी रुमालात गुंडाळल्या आणि शेजारच्या छोट्या मुलाला देऊन टाकल्या. मी म्हटलं, "अगं, एक तरी खा ना." ती म्हणाली, "मावशी, आम्ही शाकाहारी आहोत ना. मागच्या वर्षी पण मी नव्हती खाल्ली." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मला ठाऊक नसेल असं तिला वाटलंच नव्हतं. मोठ्यांना माहीत असणारच, हे तिनं धरून चाललं होतं.

जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पाकीट उलटून वाचावं हे दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिच्या आईला फोन करून मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, तिला करायला इतकं आवडतं की न खाण्याचं तिला काही वाटत नाही." हे ऐकून तर मला जास्तच लागलं. सगळ्यांनी मिळून करायचं आणि काहींनी नुसतं बघायचं, असा मेळावा मला नको होता.

तिसऱ्या वर्षी मार्शमेलो बंद केले. त्याऐवजी चॉकलेट वितळवून त्यात कॉर्नफ्लेक्स कालवले आणि चमच्यानं लहान लहान ढीग घातले. चव उत्तम. पण मुलांनी हात धुतले आणि ओल्या हातांनीच टेबलाशी आली. पाण्याचे चार थेंब पातेल्यात पडले आणि चकचकीत चॉकलेटचा क्षणात रवाळ गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटला थोडंसं पाणी अजिबात चालत नाही, साखरेचे कण ते पाणी ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटतात. तेव्हापासून दाराशी एक जण टॉवेल घेऊन उभा असतो. चॉकलेटचे ढीग आम्ही आजही करतो. पण त्या वर्षी मुलं टेबलाशी बसली आणि पहिला प्रश्न आला, "मावशी, मोजायचं काय?" कॉर्नफ्लेक्स काही मोजता येईनात.

म्हणून मी पुन्हा मार्शमेलोच्या मागे लागले. आधी जिलेटिनऐवजी आगार, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेला पदार्थ, घालून घरीच करून पाहिले. दिसायला छान, पण वितळेनात. जिलेटिन सुमारे ३५ अंश सेल्सिअसला, म्हणजे जिभेवरसुद्धा विरघळतं, तर आगारला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं. तोवर लोणी वेगळं होऊन वर तरंगत होतं. मग सूर्यफुलाच्या बियांचं बटर, साखर आणि मध यांचा पाक करून पाहिला. तो प्रकार चांगला जमला, आणि आमच्या शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली तीन मुलं असल्यामुळे सोयीचाही होता. त्यात ध्यानात ठेवायचं ते एवढंच की साखर विरघळून कडेला बुडबुडे दिसले की लगेच उतरवायचं. पाक पुढे गेला, गोळीबंद झाला, की वडी दाताला लागते. आणि मध असल्यामुळे एक वर्षाच्या आतल्या बाळांना त्यातला कणही द्यायचा नाही, हे आम्ही दर वेळी मोठ्यानं सांगतो.

शेवटी जिलेटिन नसलेले तयार मार्शमेलो मिळायला लागले. ते थोडे हट्टी असतात. चमचाभर पाणी घालावं लागतं, जास्त ढवळावं लागतं आणि पाच मिनिटांऐवजी तीनच मिनिटं हाताशी मिळतात. पण मिळतात. आणि मोजता येतात.

पाकीट उलटून वाचायची सवय लागली ती कायमची. तांदळाचं सीरियल म्हणजे ग्लूटेन (गहू-बार्लीतलं प्रथिन) नसणार अशी माझी समजूत होती, पण पुष्कळ खोक्यांवर माल्ट लिहिलेलं असतं आणि ते बार्लीचं असतं. सीलिॲकचा, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा, त्रास असलेला एक मुलगा शाळेत आला तेव्हा माल्ट नसलेलं खोकं शोधलं, त्याचं पातेलं आणि चमचा वेगळे ठेवले, आणि त्याच्या टेबलावर बसायला सगळ्यांची झुंबड उडाली.

या वाचनातूनच मेळाव्याला एक नवा भाग जोडला गेला. घरी न्यायच्या डब्यांवर मुलं मराठीत चिठ्ठ्या लिहितात. "यात जिलेटिन नाही." "यात शेंगदाणे नाहीत." "यात मध आहे, बाळाला देऊ नका." जोडाक्षरं, अनुस्वार, न आणि ण, सगळं त्यात येतं. कितीदा लिहायला सांगितलं तरी कंटाळणारी मुलं ही चिठ्ठी खोडून, पुन्हा पुन्हा लिहून बिनचूक करतात, कारण ती खरंच कुणीतरी वाचणार असते. माझ्याकडे एक चिठ्ठी जपून ठेवलेली आहे. तीवर हिरव्या खडूनं लिहिलंय, "सगळे खाऊ शकतात."

गेल्या डिसेंबरात चांदण्या देऊन टाकणारी ती मुलगी कॉलेजातून सुट्टीला घरी आली होती. मी न सांगताच मदतीला हजर झाली. आल्या आल्या तिनं प्रत्येक पाकीट उलटून वाचलं, मग सगळ्यांत लहान मुलांच्या टेबलाशी जमिनीवर बसली. मुलं तिला ताई म्हणत होती. तिनं मार्शमेलोच्या रांगा लावल्या, दहा-दहाच्या चार. मुलं मोजत होती, अठ्ठावीसला नेहमीसारखी अडखळली, तिनं एक उचलून दाखवला, पुन्हा ठेवला, गाडी पुढे गेली. चाळीस झाले. टाळ्या झाल्या. मी पातेलं घेऊन उभी होते.

तेवढ्यात तिनं शेवटचा मार्शमेलो उचलला आणि माझ्याकडे बघत तोंडात टाकला.

"ताईऽऽ!" अख्खं टेबल ओरडलं. "एकोणचाळीस!"